कर्ज कोणाकडून घेतलंत?
वित्तीय समावेशन निर्देशांकाला अनावृत पत्र

प्रिय वित्तीय समावेशन निर्देशांक,


दरवर्षी जुलैच्या सुमारास रिझर्व्ह बँकेचं एक छोटंसं प्रसिद्धिपत्रक निघतं आणि त्यात तुझा नवा आकडा असतो. ऑगस्ट २०२१ मध्ये तू पहिल्यांदा जाहीर झालास. मार्च २०२१ अखेरचा आकडा होता ५३.९, आणि तुलनेसाठी मार्च २०१७चा ४३.४ सोबत दिला होता. पुढे ५६.४, ६०.१, ६४.२ आणि मार्च २०२५ला ६७. बँका, विमा, पेन्शन, गुंतवणूक, टपाल खातं यांच्याकडून आलेले ९७ निर्देशक तुझ्या पोटात आहेत. बँकेच्या दारापर्यंत माणूस पोचला की नाही, हे सरकारी यंत्रणा दरवर्षी मोजते आहे याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणूनच तुझ्याकडून आणखी काही मागावंसं वाटतं.

तुझ्या घराण्यात तुझ्याआधी फार मोठं काम होऊन गेलं आहे. १९५१-५२ साली रिझर्व्ह बँकेनेच अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी केली. ७५ जिल्हे, ६०० गावं, १,२७,३४३ कुटुंबं. अध्यक्ष होते ए. डी. गोरवाला, आणि समितीत पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते. पाहणी करणाऱ्यांनी घराघरात जाऊन विचारलं : कर्ज कोणाकडून घेतलंत? उत्तरांची बेरीज झाली तेव्हा दिसलं, की शेतकऱ्याने उचललेल्या दर १०० रुपयांतले जवळजवळ ७० रुपये सावकाराचे आहेत. काही धंदेवाईक सावकाराचे, काही गावातल्याच शेती करणाऱ्या सावकाराचे. सरकारचे ३.३, सहकारी संस्थांचे ३.१. व्यापारी बँकांचा पुरता एक रुपयाही नव्हता, ०.९ एवढाच. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४चा. म्हणजे जवळपास अर्धशतकानंतरचा हा हिशेब. तो झाकला गेला नाही. त्याच्याच आधारावर १ जुलै १९५५ला इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा काढण्याचं बंधन तिच्यावर आलं. एखाद्या आकड्याने देशाची बँकव्यवस्था हलवल्याचं इतकं स्पष्ट उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

ही पाहणी पुढे साधारण दर दहा वर्षांनी होत राहिली. १९६९ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, शाखा खेड्यात गेल्या, आणि ग्रामीण कुटुंबांच्या कर्जातला बँका-सोसायट्यांचा वाटा १९९१पर्यंत शेकडा ६४वर पोचला. २००२च्या पाहणीत मात्र तो ५७वर उतरला होता. मधल्या दहा वर्षांत ग्रामीण शाखा कमी झाल्या होत्या आणि सावकार परतला होता. विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी महाराष्ट्र हादरला तो याच सुमारास. पतपुरवठा मागे सरकल्याचं त्या आकड्याने नोंदवलं, कारण तो खाली येऊ शकत होता.

तुला खाली आलेलं मी अजून पाहिलेलं नाही. वर्षानुवर्षांच्या प्रयत्नांची साठत गेलेली बेरीज दिसावी, म्हणून तुझी रचना पायाभूत वर्ष न धरता केली आहे. हेतू चांगला आहे. पण उघडलेलं खातं सहसा बंद होत नाही, आणि अशा नोंदी साठवत जाणारं माप बहुतेक वरच चढणार. तुझी माहितीही सेवा देणाऱ्या संस्थांच्या आणि त्यांच्या नियामकांच्या दप्तरातून येते. सोसायटीने पीककर्ज नाकारलेला शेतकरी त्या दप्तरात सापडत नाही, आणि बचत गटाचा हप्ता भरायला दुसरीकडून पैसे उचलणारी बाईही नाही.

एका बाबतीत मी तुझ्या बाजूने ठाम उभा आहे. उपलब्धतेला ३५ टक्के भार आणि वापराला ४५ टक्के, ही वाटणी योग्य आहे. जनधन योजना ऑगस्ट २०१४मध्ये सुरू झाली. जागतिक बँकेच्या २०१७च्या पाहणीत भारतातल्या ८० टक्के प्रौढांकडे खातं होतं, आणि त्यातली जवळपास निम्मी खाती वर्षभरात एकदाही वापरली गेली नव्हती. नुसती पासबुकं मोजली असती, तर काम संपलं असं वाटलं असतं.

उरलेले २० टक्के गुणवत्तेचे. त्यात आर्थिक साक्षरता, ग्राहकसंरक्षण आणि सेवेतली विषमता येते. इथे मी अडतो. सप्टेंबर २०१९मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि सुरुवातीला प्रत्येक खात्यातून सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येतील असं ठरलं. मुंबईत म्हातारी माणसं शाखांबाहेर उभी राहून रडत होती. त्यांचं खातं होतं, शाखा जवळ होती, व्यवहार नियमित होते. ज्याला आपण समावेशन म्हणतो ते सगळं त्यांच्याकडे होतं. पुढे फेब्रुवारी २०२०मध्ये ठेवींवरचं विमासंरक्षण एक लाखावरून पाच लाखांवर गेलं, आणि ती खरीच सुधारणा आहे. पण घाबरलेल्या ठेवीदाराचा उडालेला विश्वास ४३.४ पासून ५३.९ पर्यंतच्या तुझ्या चढणीत मला कुठेच शोधता येत नाही.

आता मागणं सांगतो. दरवर्षीच्या प्रसिद्धिपत्रकात एकच आकडा असतो, आणि वाढ वापरामुळे झाली की गुणवत्तेमुळे, याबद्दल एखादं वाक्य. उपलब्धता, वापर आणि गुणवत्ता यांचे तीन आकडे दर जुलैला वेगवेगळे छापले जावेत. त्याहून महत्त्वाचं, तू जिल्हावार हो. १९६९मध्येच गाडगीळ अभ्यासगटाने क्षेत्रनिहाय विचार मांडला, त्यातून अग्रणी बँक योजना आली आणि जिल्हा हे नियोजनाचं एकक ठरलं. प्रत्येक जिल्ह्याला अग्रणी बँक आहे, तिच्या बैठका होतात, पतपुरवठ्याचा वार्षिक आराखडा होतो. मग मुंबई आणि गडचिरोली एकाच ६७मध्ये का विरघळावीत? गडचिरोलीचा आकडा जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर वेगळा आला, तर त्याचा जाब कोणाला तरी विचारता येईल.

आणि दर काही वर्षांनी, नमुन्यादाखल का होईना, कुटुंबांच्या दारात जाऊन १९५१चा तोच प्रश्न विचारला जावा, आणि त्याचं उत्तर तुझ्या आकड्याशेजारी छापलं जावं. त्या वर्षी तू दोन अंकांनी घसरलास तरी चालेल. कुठे घसरलास, ते मात्र जिल्ह्याच्या नावासकट सांग.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
एक बचत खातेदार