नाव नसलेली फ्रेम

मामूंच्या इंतकालाला येत्या रजबमध्ये वर्ष होईल. त्यांचं सगळं आयुष्य बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत गेलं. मागच्या महिन्यात त्यांच्या धाकट्याचा फोन आला. "आपा, अब्बांची सायकलची फ्रेम विकायचीय. अम्मी म्हणते, पैसे गावच्या विहिरीला द्यायचे. ती स्पीडवेलची निघाली तर चांगली किंमत येईल. अब्बांची वही उर्दूत आहे, मला वाचता येत नाही. तुम्ही बघाल?"

स्पीडवेल ही बर्मिंगहॅमचीच कंपनी. 1970 च्या दशकात, टायटॅनियमच्या फ्रेमा दुर्मिळ होत्या तेव्हा, तिने 'टायटलाइट' काढली. 1973 ची टूर द फ्रान्स जिंकणारा स्पेनचा लुइस ओकान्या डोंगरातल्या टप्प्यांत तीच चालवत होता. मामू मुलांना सांगत, आपली फ्रेम त्यातलीच.

अडचण अशी की टायटॅनियमला गंज लागत नाही, म्हणून पुष्कळदा रंगही देत नाहीत. कंपनीचं नाव म्हणजे वर चिकटवलेला कागद. तो निघाला की बनवणारा गेला. शिवाय एकाची फ्रेम दुसऱ्याच्या नावाने विकली जाते. अमेरिकेतल्या टेनेसीच्या लाइटस्पीडने बनवलेल्या फ्रेमांवर बेल्जियमच्या एडी मर्क्सचं नाव असे. मामूंच्या फ्रेमवर पायडलचा आस बसतो त्या नळीखाली नुसता एक आकडा ठोकलेला.

पोराने वेल्डिंगचे फोटो पाठवले. सांधे स्वच्छ, चांदीसारखे. तापलेलं टायटॅनियम हवा शोषतं आणि ठिसूळ होतं, म्हणून ते आर्गॉन वायूत जोडतात. काम बिघडलं तर सांधा निळा पडतो. इथे निळं काहीच नव्हतं. कारागीर पक्का होता, एवढं मलाही कळलं.

मग त्याने मागचं चाक बसतं त्या खाचांमधलं अंतर मोजलं. 130 मिलिमीटर. पाच गिअरच्या जुन्या सायकलींना ते 120 असायचं. 130 रुळलं 1990 च्या सुमारास. स्टील ताणून रुंद करता येतं, टायटॅनियम मात्र पुन्हा जागेवर येतं. म्हणजे ओकान्याच्या जमान्यातली ही नव्हे. "वहीत काहीतरी असेल," तो म्हणाला.

दूध, ईदी, घरी पाठवलेले पैसे, यांच्यामध्ये ती नोंद सापडली. नोव्हेंबर 1997. टायटॅनियमची जुनी फ्रेम, 300 पौंड. विकणाऱ्यालाही कंपनी माहीत नाही. त्याखाली बारीक अक्षरात: बेगमला 100 सांगितले.

मी फोनवर कंपनीपुरतंच वाचलं. पोरगा म्हणाला, "अब्बा स्पीडवेल म्हणायचे, तसंच लिहू ना. खोटं आपण नाही बोललो." मागून मुमानींचा आवाज आला. "लिही, बनवणारा माहीत नाही. अंतर लिही, आकडा लिही. विहिरीचे पैसे आहेत ते."

तो लिहू लागला. मुमानींनी फोन हातात घेतला. "बेटी, आणखी काय लिहिलंय त्यांनी? किंमत लिहिलीय?"

मी क्षणभर थांबले आणि सगळं वाचून दाखवलं.

पलीकडे शांतता. मग त्या हसल्या, अगदी मोठ्याने. "त्या महिन्यात मला कोट हवा होता," म्हणाल्या, "तर म्हणाले, तंगी आहे."