रांगेत सगळे हवेत

कुणी आजारी पडलं की भेटायला आलेले लोक तब्येत विचारतात आणि पाठोपाठ विचारतात, ‘मेडिक्लेम आहे ना?’ या प्रश्नातली काळजी खरी असते. पण आजारपणात आधार विम्याचा किंवा दागिन्यांचा, सरकारचा नव्हे, हे आपण किती मुकाट्याने मान्य केलं आहे, तेही त्यातून कळतं.

सर्वांवर सरकारी खर्चाने उपचार व्हावेत का, असं विचारलं तर ‘व्हायलाच हवेत’ म्हणणारेच जास्त भेटतात. ‘मग तुम्ही सिव्हिलमध्ये जाल?’ म्हटलं की तेच लोक गप्प होतात. तत्त्व सगळ्यांना पटतं, खाट मात्र दुसऱ्यासाठी हवी असते.

पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारांविना राहू नये, हे आपल्याकडे 1946 मध्येच लिहून ठेवलेलं आहे. ते लिहिणाऱ्या समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर नाशिकमध्ये जन्मलेले. पुढे 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने ठरवलं, की 2025 पर्यंत आरोग्यावरचा सरकारी खर्च देशाच्या सकल उत्पादनाच्या (जीडीपी) अडीच टक्के करायचा. ते वर्ष उलटलं, आकडा काही गाठला गेला नाही. मत देताना त्याचा राग किती जणांच्या मनात होता?

महाराष्ट्राने 2023 मध्ये दोन मोठे निर्णय घेतले. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण पाच लाखांपर्यंत नेऊन ती सर्वांसाठी खुली करायचं ठरलं आणि 15 ऑगस्टपासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. या निर्णयांचं मला मनापासून मोल वाटतं. तरीही योजनेचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्या दर महिन्याला लागतात. त्या सरकारी दवाखान्यात संपल्या की हातात ‘बाहेरून आणा’ची चिठ्ठी पडते, आणि गरिबाचा संसार तिथेच पोखरला जातो.

‘फुकट दिलं की लोक माजतात,’ असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं, की साबणाच्या वडीवर कर भरणारी मजूर बाईही या दवाखान्याची धनीण आहे.

ब्रिटनमध्ये 5 जुलै 1948 रोजी सर्वांसाठी सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली. तिथल्या लांबलेल्या तारखांवर लोक चिडतात, पण सेवाच मोडीत काढा असं म्हणायला मोठ्या पक्षांचे नेते धजावत नाहीत, कारण ती जवळपास प्रत्येक घराची आहे. आपल्याकडेही 2021 मध्ये करोनाच्या लशीसाठी बंगल्यातले साहेब आणि त्यांच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशी पालिकेच्या एकाच केंद्रावर आल्या. तेव्हा केंद्रावरची गैरसोय लगेच बातमी व्हायची.

ज्यांच्या तक्रारीची दखल घेतली जाते, तेच सरकारी दवाखान्यातून उठून गेले आहेत. म्हणून ‘सर्वांसाठी’ या मागणीत मी ऐपतदारांनाही धरतो. त्यांनी आपल्या आईवडिलांना तिथे न्यावं, औषध नसेल तर जाब विचारावा आणि मत मागायला येणाऱ्याला आधी त्या दवाखान्याचा हिशोब विचारावा.