रकाना

शाळातपासणीची भीती मुलांपेक्षा मास्तरांनाच अधिक. आणि वहीत रकाने भरणारा साहेब हा तर आम्हां लिहिणाऱ्यांच्या थट्टेचा हुकमी विषय. पण अपंग मुलांच्या बाबतीत मी त्या रकान्यांच्या बाजूचा आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. बुद्धी असूनही वाचताना अडखळणारे पोर त्यांत नव्हतेच. ते आपले नुसते ‘ढ’! २०१६ च्या कायद्याने प्रकार २१ केले, तेव्हा कुठे त्याला रकाना मिळाला. शाळेत जाणाऱ्या अशा मुलांची दर ५ वर्षांनी पाहणी करावी, असेही त्यात आहे. मोजणे हीदेखील एक मायाच, जराशी कोरडी. २०२२ मध्ये केंद्र सरकारने तर प्रमाणच घालून दिले : प्राथमिक वर्गांत अशा १० मुलांमागे १ विशेष शिक्षक, वरच्या वर्गांत १५ मागे १.

शेजारची चिमी कर्णबधिर आहे. परवा फराळाला आली, तेव्हा मी खुणेने विचारले, “तुमच्या शाळेत अशी मुले किती?” तिने दोन्ही पंजे उघडले, मिटले, पुन्हा उघडले.

“आणि तुमच्या बाई?”

एक बोट. मग तिने पाटी ओढून घेतली आणि लिहिले, ‘फक्त मंगळवारी.’