पाटी लावण्याआधी

पुणे, रविवार

चि. मंजिरीस,


तुझं परिचयपत्रक वाचलं आणि फोन न करता लिहायलाच बसले. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. 'प्रौढांना जीवनाची योग्य दिशा दाखवणारी समुपदेशक' हे वाक्य तुला सुचवलं कुणी? आजच्या आज काढून टाक. पन्नाशीच्या माणसाला दिशा दाखवणारे घरात, ऑफिसात, व्हॉट्सअ‍ॅपवर ढीगभर असतात. त्यांना कंटाळूनच तो तुझ्याकडे येणार आहे ना?

तू एवढंच विचारलंस, की शिक्षण आधी लिहू की पद्धत. शिक्षण आधी लिही आणि नेमकं लिही. एम. ए. कुठून केलंस, त्यानंतर कुणाच्या हाताखाली किती काळ केसेस पाहिल्यास. शनिवार-रविवारच्या त्या ऑनलाइन प्रमाणपत्रांना एम. ए.च्या पंक्तीला बसवू नकोस. 'क्लिनिकल' हा शब्द चुकूनही नको. त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, ती तुझ्याकडे नाही. समुपदेशकाच्या पाटीला मात्र आपल्याकडे वर्षानुवर्षं कुणी हटकलं नाही. आरोग्य-व्यावसायिकांच्या २०२१च्या कायद्याने समुपदेशकांनाही यादीत घेतलं, तरी दारात उभ्या असलेल्या माणसाला कायदा कुठे माहीत असतो? तो तुझ्या शब्दावर विसंबतो. गोळ्या मानसोपचारतज्ज्ञ देतात, तू देत नाहीस, हेही ठळक लिही. लोक अजून गल्लत करतात.

आता पद्धत. सीबीटी, आरईबीटी, माइंडफुलनेस, सगळंच लिहून ठेवलंयस. त्यातलं तुला खरोखर शिकवलं गेलंय ते ठेव. मला ही यादी वाचताना कार्ल रॉजर्स आठवत होता. आधी शेतकीला गेलेला, मग धर्मोपदेशक व्हायला निघालेला, शेवटी मानसशास्त्रात आलेला माणूस. १९२८पासून रॉचेस्टरला तो मुलांसाठी काम करायचा. एका दांडगट मुलाची आई त्याच्याकडे येत असे. मुलगा असा का वागतो, त्यात तिचा वाटा काय, हे तो तिला परोपरीने समजावत होता. काही उपयोग होईना. शेवटी दोघांनी थांबायचं ठरवलं. ती दारापर्यंत गेली, वळली आणि म्हणाली, तुम्ही मोठ्या माणसांनाही मदत करता का? हो म्हणताच पुन्हा येऊन बसली आणि स्वतःच्या संसाराबद्दल बोलायला लागली. आधीच्या भेटींत यातलं काही निघालंच नव्हतं. खरं काम तिथून सुरू झालं. कुठे दुखतंय ते त्या बाईलाच ठाऊक होतं, हे रॉजर्स तिच्याकडून शिकला.

आपल्याकडेही मोठी माणसं स्वतःसाठी येतच नाहीत गं. मुलाचा अभ्यास, सासऱ्यांचं विसरणं, नवऱ्याची दारू. खुर्चीच्या कडेवर बसतात, पर्स मांडीवर घट्ट धरलेली. तासभर दुसऱ्यांचंच बोलतात आणि निघताना, चपलेत पाय घालता घालता, 'मलाही हल्ली पहाटे तीनला जाग येते' म्हणतात. त्या वेळी तू पुढच्या अपॉइंटमेंटसाठी घड्याळ बघत असलीस, तर तुझ्या सगळ्या पद्धती वाया गेल्या. ते वाक्य लक्षात ठेवायचं आणि पुढच्या भेटीची सुरुवात तिथूनच करायची. आपल्या ओळखीच्या सुमनताईंचं काय झालं ते तुला सांगायला नको. चार शहाण्यांनी चार मार्ग दाखवले. त्या काय म्हणताहेत ते कुणीच ऐकलं नाही.

आणि रात्री दहापर्यंत फोन घेईन, हे काय लिहिलंयस? इतक्या जणांचं ऐकल्यावर तुझं कोण ऐकणार? तुझ्या मार्गदर्शक बाईंकडे आपल्या केसेस घेऊन जातेस ना अजून? की पाटी लागायच्या आधीच ते सोडलंस? अनुभवी माणसाला आपलं काम दाखवत राहणं हेही आपलं शिक्षणच आहे, आणि ते पत्रकातही लिहावं, असं माझं ठाम मत आहे. जीव द्यायची भाषा करणारा कुणी समोर बसला तर जवळचे मानसोपचारतज्ज्ञ कोण, त्याच्या घरच्या कुणाला बोलवायचं, टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६, हे सगळं टेबलावर लिहून ठेवलंयस का? गुप्तता पाळीन, पण जिवाला धोका दिसला तर घरच्यांना कळवीन, हे पहिल्याच भेटीत सांगतेस का? मला यातलं काहीच पत्रकात दिसलं नाही, म्हणून काळजी वाटते.

गेल्या खेपेला आलीस तेव्हा पानावर बसूनही तुझं लक्ष फोनकडेच होतं. तुझ्या आईला मी बोलले नाही. मंगळवारी सातनंतर मी मोकळी असते. नवा मसुदा घेऊनच फोन कर. वेळेपुढे रात्रीचे दहा पुन्हा दिसले, तर मी पहिल्या गाडीने नाशिकला येईन.

तुझी,
शालूमावशी