टपाल तिकिटाएवढे कार्ड

२००१ साली बाजारात आलेला पाम एम५०५ हा खिशात मावणारा संगणक मी मोठ्या हौसेने घेतला होता. त्याची आतली मेमरी अवघी ८ मेगाबाइट, आणि तीही बॅटरीच्या जिवावर तगणारी. बॅटरी पार उतरली की सारे पुसले जाई. टपाल तिकिटाएवढ्या मेमरी कार्डाला मात्र ते भय नव्हते. कार्डावरच्या प्रोग्रॅमवर लेखणी टेकवली की त्याची प्रत आतल्या मेमरीत येई, काम सरले की निघून जाई. ओटीवर टेकून जाणाऱ्या पाहुण्यासारखी!

आई सांगेल ती सामवेदी लग्नगीते मी त्यात रोमन लिपीत टिपून ठेवी. २००३च्या पावसाळ्यात तिच्या आजारपणाच्या धावपळीत ते यंत्र महिनाभर कपाटात पडून राहिले. चूक सर्वस्वी माझीच. कार्डावर शब्दकोश आणि पत्त्यांचे खेळ सुखरूप होते. गीते आत होती, आणि घरच्या संगणकावर ती उतरवून घेणेही फेब्रुवारीपासून राहिले होते. नऊ गीते गेली.

आईला भीतभीतच विचारले. चार तिने पुन्हा सांगितली. पाचव्याच्या दुसऱ्या ओळीशी ती थांबली ती थांबलीच.

त्या चारांची प्रत मी त्याच रात्री कार्डावर घेतली. पाचव्याची दीड ओळही.