मैदान झाडणारे सर

पहाटे साडेपाचला जळगावात मेहरूण तलावाकडे फिरायला जाणाऱ्यांची पावलं वाजू लागतात. त्याआधीच आमच्या कॉलनीजवळच्या मोकळ्या मैदानावर एक माणूस आलेला असतो. तो स्कूटर उभी करतो, हँडलला अडकवलेला खराटा काढतो आणि मैदान झाडू लागतो. बाभळीचे काटे, फुटक्या बाटलीच्या काचा, रात्री कुणीतरी साजऱ्या केलेल्या वाढदिवसाचा कचरा. मैदान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झाडून झालं की तो चपला काढतो आणि स्वतः अनवाणी एक फेरी मारतो. तळव्याला काही टोचलं नाही, तरच पोरांना चपला काढायची परवानगी. हे माझ्या मुलीचे कराटेचे सर.

सहाला पोरं येतात. पांढऱ्या ड्रेसच्या रांगा लागतात. पुढे तपकिरी पट्टे, मागे पांढरे. सर रांगेला वाकून नमस्कार करतात, रांग सरांना करते. मग मोजणी सुरू होते : इच, नी, सान, शी. केळीच्या आणि कापसाच्या या मुलखात, तांबडं फुटताना, पन्नासेक मुलांच्या तोंडून जपानी आकडे उमटतात आणि ते जराही परके वाटत नाहीत.

माझं लहानपण धुळ्यातलं. पांझरेच्या काठी एका शाळेच्या पटांगणात आमचा वर्ग भरायचा. ऐंशीचं दशक होतं ते, ब्रूस लीची पोस्टरं वहीत दडवून ठेवायचे दिवस. आम्हाला विटा फोडायच्या होत्या, उड्या मारायच्या होत्या. सरांनी पहिला महिना नुसतं उभं केलं. गुडघा वाकलेला, पाठ ताठ, मुठी कमरेशी. मे महिन्यात लळिंगच्या डोंगराकडून सकाळीच गरम वारा सुटायचा, मांड्या थरथरायच्या, मान आपोआप खाली जायची. तेवढ्यात सरांचा आवाज यायचा, "खाले काय देखी ऱ्हायना? समोर देख!" आज्ञा जपानीत आणि कानउघाडणी अहिराणीत, अशी आमची कराटेची भाषा. दिवसभर ते एका कापड दुकानात हिशेब लिहीत. आम्हाला ते कळलं, तेव्हा आम्ही त्यांच्याकडे दोन वर्षं शिकत होतो.

'सेन्सेई' या जपानी शब्दातल्या दोन अक्षरांचा अर्थ होतो 'आधी जन्मलेला'. खानदेशात हा शब्द फारसा कुणी वापरत नाही. 'कराटेवाले सर' म्हटलं की पुरतं. पण तो अर्थ मला या माणसांत रोज दिसतो. पोरांच्या आधी जो येतो, आधी अनवाणी चालतो, काटा आधी आपल्या पायात घेतो, तो सेन्सेई.

आधुनिक कराटेचे जनक मानले जाणारे गिचिन फुनाकोशी हे मूळचे शाळामास्तर. ओकिनावा बेटावर त्यांनी अनेक वर्षं मुलं शिकवली. १९२२ साली, पन्नाशी ओलांडल्यावर, ते कराटेचं प्रात्यक्षिक दाखवायला टोकियोला गेले आणि तिथेच राहिले. हातात पैसा नव्हता. ओकिनावाहून आलेल्या विद्यार्थ्यांच्या मेइसेई जुकु या वसतिगृहात त्यांना एक लहान खोली मिळाली. तिथलं अंगण ते झाडत, खोल्या आवरत आणि रात्री कराटे शिकवत.

हे वाचलं तेव्हा मला एकदम अमळनेर आठवलं. त्याच दशकात, १९२४ ते १९३० या काळात, साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयातल्या मुलांच्या खोल्या स्वतः झाडत, पसरलेले कपडे आवरून ठेवत. एक टोकियोत, दुसरे बोरी नदीच्या काठी. एकमेकांचं नावही ठाऊक नसलेल्या या दोन मास्तरांच्या हातात एकच वस्तू होती. म्हणून आमच्या सरांच्या हातातला खराटा मला काळ्या पट्ट्याइतकाच मोलाचा वाटतो. त्याची परंपरा जपानची आहे आणि खानदेशचीही.

'कारा' म्हणजे रिकामा, 'ते' म्हणजे हात. फुनाकोशींची शिकवण होती की कराटेत पहिला वार नसतो. नवशिक्या मुलांना शिकवतात ते पाचही 'हेइआन' काता, म्हणजे हालचालींचे ठरलेले क्रम, अडवण्यानेच सुरू होतात. मारण्याआधी थोपवायचं. सर याचं प्रवचन देत नाहीत. एखाद्या मुलाने शाळेत हात उचलल्याचं कळलं, तर त्याला रांगेच्या शेवटी उभं करतात आणि पहिला काता पुन्हा पहिल्यापासून करायला लावतात.

मुलींच्या बाबतीत मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. शासनाच्या राणी लक्ष्मीबाई आत्मसंरक्षण प्रशिक्षणातून शाळाशाळांत मुलींना तीन महिने धडे मिळतात आणि असे प्रशिक्षक गावोगावच्या शाळांत जातात. तीन महिन्यांत फार डाव येत नाहीत. पण 'कियाई' येते, पोटातून काढलेली आरोळी. "हळू बोल गं" ऐकत वाढलेल्या पोरी उघड्या पटांगणात पहिल्यांदा पूर्ण आवाजात ओरडतात. माझ्या लेकीची पहिली आरोळी घशातच अडकली होती. सर थांबले. रांग थांबली. तिसऱ्या वेळी ती निघाली आणि झाडावरचे पारवे उडाले.

२०२१ साली टोकियोत कराटे ऑलिंपिकमध्ये आलं आणि २०२४ ला पॅरिसमध्ये पुन्हा वगळलं गेलं. पदकाची वाट अशी बंद झाली. आमच्या मैदानावर त्याने काही बदललं नाही. इथला वियोग वेगळाच आहे. दहावी-बारावी झाली की पोरं पुण्याला जातात. सात-आठ वर्षं घडवलेला विद्यार्थी काळ्या पट्ट्यापाशी येतो आणि एका जून महिन्यात ट्रॅव्हल्सने निघून जातो. सरांसमोर पुन्हा पांढरे पट्टे, पुन्हा डावा-उजवा पाय ओळखण्यापासून सुरुवात. पहिला काता जिथे सुरू होतो तिथेच संपतो. सगळ्या दिशांना फिरून माणूस मूळ जागी येतो. सरांचं वर्षही तसंच फिरून येतं.

धुळ्याचे माझे सर आता नाहीत. मी त्यांचं पटांगण एकदाही झाडलं नाही, हे मला फार उशिरा कळलं. म्हणून तुम्हाला सांगतो. पुण्या-मुंबईहून दिवाळीला गावी याल, तेव्हा एक दिवस पहाटे उठा. आपल्या जुन्या मैदानावर जा. सर आधीच आलेले असतील. वाकून नमस्कार करा आणि त्यांच्या हातातला खराटा त्या दिवसापुरता आपल्या हातात घ्या.