निकाल ठाऊक असलेला सामना

जुनी सांगवी

चि. पुतण्यास काकांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

चाकणच्या नव्या घरी सामान नेताना दादांच्या कॅसेटींची पेटी भंगारात द्यावी, कारण हवे ते सारे आता मोबाईलवर मिळते आणि ज्यांचे निकाल सर्वांना पाठ आहेत असे सामने पुन्हा ऐकायला कोणाला सवड आहे, असा विचार चिरंजीवाने कळवला आहे. तो वाचून येथील वडीलधाऱ्यांना मनापासून वाईट वाटले. प्रश्न फक्त पेटीविषयी विचारलेला असला, तरी त्याचे उत्तर फोनवर दोन वाक्यांत देऊन मोकळे होणे या बाबतीत योग्य ठरले नसते, म्हणून हे पत्र.

आपल्या म्हणण्याला आधार म्हणून चिरंजीवाने ऋतुराज गायकवाडच्या त्या षटकाची चित्रफीत सोबत पाठवली आहे, तेव्हा विचाराला आरंभ तेथूनच करणे बरे. याच सांगवीचा आणि थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडलेला हा फलंदाज 28 नोव्हेंबर 2022 रोजी अहमदाबादेत विजय हजारे करंडकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात उत्तर प्रदेशाविरुद्ध खेळत होता. डावाच्या 49 व्या षटकात त्याने शिवा सिंहला सात षटकार मारले, आणि त्यातला एक चेंडू नोबॉल, म्हणजे अवैध ठरल्याने पुन्हा टाकावा लागणारा चेंडू, असल्यामुळे त्या एका षटकात 43 धावा निघाल्या. ही चित्रफीत सांगवीतल्या घराघरांत पोहोचली आहे आणि तिचा अभिमान या घरालाही आहे. परंतु ते षटक सुरू झाले तेव्हा सलामीला उतरलेला ऋतुराज 165 धावांवर खेळत होता, त्याच्या शतकाला शंभराहून अधिक चेंडू लागले होते, आणि डाव संपला तेव्हा महाराष्ट्राच्या 330 धावांपैकी 220 त्याच्या एकट्याच्या होत्या, हे त्या फितीत कोठेही येत नाही. गोलंदाज थकेपर्यंत, क्षेत्ररक्षण विस्कळीत होईपर्यंत आणि आपली नजर पुरती बसेपर्यंत जो फलंदाज थांबला, त्यालाच ते सात षटकार मिळाले. चिरंजीवाच्या मुलाने मात्र षटकार तेवढे पाहिले, थांबणे पाहिलेच नाही.

क्षणचित्रे, म्हणजे तासन्‌तास चाललेल्या खेळातून निवडून काढलेले चौकार, बळी आणि जल्लोष, ही सोय म्हणून वाईट नाहीत. परंतु ती निकालाकडून मागे जात तयार केलेली असतात. ज्या क्षणातून पुढे काही घडले तेवढाच त्यांत उरतो, आणि ज्या क्षणी काहीही घडू शकले असते तो गळून जातो. अखंड ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्याला निकाल ठाऊक असतो, पण समालोचकाला तो ठाऊक नसतो, आणि त्या समालोचकाच्या आवाजातली अनिश्चितता ऐकणे हाच जुना सामना पुन्हा अनुभवण्याचा खरा लाभ होय. 25 जून 1983 रोजी लॉर्ड्‌सवर अंतिम सामन्यात भारताचा डाव 183 धावांत आटोपला तेव्हा विश्वचषक हातचा गेला असेच बहुतेकांना वाटले होते, आणि मदनलालच्या गोलंदाजीवर कपिलदेवने मागे धावत जाऊन रिचर्ड्‌सचा झेल घेईपर्यंत ती समजूत पुरती बदलली नव्हती. 43 धावांच्या विजयाचे मोल कळण्यासाठी आधीची ती निराशाही कानावर पडावी लागते. रावण मरणार हे पक्के ठाऊक असूनही माणसे पिढ्यान्‌पिढ्या कीर्तनाला बसत आली, तेव्हा निकाल माहीत आहे म्हणून ऐकण्यात अर्थ नाही हे म्हणणे चिरंजीवाच्या शिक्षणाला शोभत नाही.

सारे मोबाईलवर मिळते ही तर त्याहून मोठी गैरसमजूत आहे. त्याच विश्वचषकात 18 जून 1983 रोजी टनब्रिज वेल्स येथे झिंबाब्वेविरुद्ध 5 बाद 17 अशा अवस्थेतून कपिलदेवने नाबाद 175 धावा काढल्या आणि भारताने तो सामना 31 धावांनी जिंकला, परंतु त्या खेळीचे दूरचित्रणच झालेले नाही. त्या विश्वचषकावरच्या 2021 च्या चित्रपटात जे दिसते ते नटांनी उभे केलेले दृश्य आहे. डिसेंबर 1948 मध्ये पुणे क्लबच्या मैदानावर भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद 443 धावा केल्या. ब्रॅडमनचा 452 धावांचा तेव्हाचा विक्रम हाताच्या अंतरावर असताना प्रतिस्पर्धी कर्णधाराने पुढे खेळण्यास नकार दिला आणि सामना तेथेच संपला. पुण्यात आकाशवाणीचे केंद्रच मुळी 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झाले, त्यामुळे त्या दुपारी मैदानात काय बोलले गेले, लोक कसे चिडले असतील, हे आता केवळ धावफलकावरून ताडायचे. आणि जे पाहाऐकायला उरत नाही, ते विस्मरणातही जाते. मुरलीकांत पेटकरांनी 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये, म्हणजे अपंग खेळाडूंच्या जागतिक स्पर्धेत, 50 मीटर पोहण्याची शर्यत 37.33 सेकंदांत जिंकून भारताला पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले. टेल्कोत नोकरी केलेल्या या माणसाची थोरवी पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्यातल्या असंख्य कामगारांना त्याच्यावरचा 2024 चा चित्रपट आल्यावर उमगली, याची खंत दादांच्या पिढीला वाटणे साहजिक आहे.

जे प्रक्षेपित झाले तेही सगळे टिकले असे नाही. चित्रमुद्रणाच्या रुंद चुंबकीय फिती 1960 च्या दशकात फार महाग होत्या, म्हणून प्रक्षेपण करणाऱ्या मोठमोठ्या संस्था जुना कार्यक्रम पुसून त्याच फितीवर नवा घेत असत. अमेरिकी फुटबॉलचा 1967 चा पहिला सुपर बोल दोन वाहिन्यांनी दाखवला आणि दोघींनीही त्याची पूर्ण मूळ फीत जपली नाही. पेनसिल्व्हेनियातील एका गृहस्थाने घेतलेले, मधले काही भाग नसलेले मुद्रण पुढे कित्येक वर्षांनी उजेडात आले. बेसबॉलच्या 1960 च्या जागतिक मालिकेतला सातवा सामना पिट्सबर्गने 10-9 असा जिंकला होता. त्या संघाचे एक भागीदार असलेले गायक बिंग क्रॉस्बी यांनी त्याचे किनेस्कोप, म्हणजे दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर कॅमेरा ठेवून केलेले चित्रण, करवून घेतले होते, आणि ते 2009 मध्ये त्यांच्या घराच्या तळघरात सापडले. दोन्ही वेळी संस्थांनी गमावलेले घरांनी राखले. त्या घरांतल्या कोणी तळघर आवरताना भंगारवाल्याला हाक मारली असती तर तेही राहिले नसते, एवढे चिरंजीवाने ध्यानात घ्यावे.

आता दादांच्या पेटीविषयी. दादा कारखान्यात दुसऱ्या पाळीला असले की टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेला संच, वहिनींच्या स्वाधीन असे. एका कॅसेटीवर दोन्ही बाजू मिळून दीड तासच मावतो, त्यामुळे दिवसभराच्या खेळातले कोणते तास ठेवायचे हे वहिनींनाच ठरवावे लागे, आणि क्रिकेट न खेळलेल्या त्या माउलीची निवड क्वचितच चुकली. मध्यरात्री कंपनीची बस पिंपरीहून सांगवीत येईपर्यंत बसमध्ये कोणी निकाल बोलू नये अशी दादांची सर्वांना ताकीद असे, कारण जेवणाच्या ताटावर बसून तो सामना त्यांना पहिल्यापासून ऐकायचा असे. दिवसपाळीवाल्यांनी दुपारी ऐकलेला आनंद रात्री एकट्याने पुन्हा उभा करण्याचे हे साधन औद्योगिक वसाहतीतल्या पाळ्यांनी या घराला शिकवले. पुण्याच्या बाळ ज. पंडितांनी धावते समालोचन, म्हणजे खेळ चालू असतानाच केलेले त्याचे सलग वर्णन, मराठीत रुजवले आणि मैदान कधीही न पाहिलेल्या बायामाणसांपर्यंत क्रिकेट पोहोचवले. तशा मराठी समालोचनाचे जे थोडके तास पेटीत आहेत, ते कोणत्याही मोबाईलवर सापडतील या भरवशावर टाकून देणे हा अविचार आहे. पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर 29 फेब्रुवारी 1996 रोजी केनियाने वेस्ट इंडीजला 93 धावांत गुंडाळले, त्या सामन्याची व्हिडिओ कॅसेटही त्याच पेटीत तळाशी असावी. वहिनींनी तिच्यावर पुढे एक लग्नसमारंभ चित्रित करू दिला नाही, हे चिरंजीवाच्या आठवणीत असेल.

चिंता वाटते ती दोन कारणांनी. पहिले कारण फितीचे आहे. कॅसेटीतली फीत म्हणजे लोहाच्या ऑक्साइडची सूक्ष्म पूड चिकटवलेली प्लास्टिकची पट्टी असते, आवाज त्या पुडीच्या चुंबकीय रचनेत साठलेला असतो, आणि दमट हवेत चिकटद्रव्य सैल पडले किंवा बुरशी धरली की पूड आवाजासह झडू लागते. पवना आणि मुळा या दोन नद्यांच्या शेजारी, दर पावसाळ्यात धरणांतून विसर्ग वाढला की ज्या गावाच्या काठच्या वस्त्या धास्तावतात, तेथे ती पेटी इतकी वर्षे माळ्यावर राहिली म्हणूनच टिकली असावी. दुसरे कारण चिरंजीवाच्या मुलाचे आहे. क्षणचित्रांवरच वाढलेल्या मुलाला खेळातला निर्धाव तास कंटाळवाणा वाटू लागतो, पुढे अभ्यासातला न उमगणारा धडा तसाच वाटतो, आणि मोठेपणी कारखान्यातली संथ रात्रपाळी किंवा आजारी माणसाजवळ बसून काढायचे दिवसही त्याला सोसत नाहीत. हे म्हणणे चिरंजीवाला अतिशयोक्त वाटेल, पण या घराचा त्यावर पूर्ण विश्वास आहे.

म्हणून काही गोष्टी तातडीने कराव्यात. पेटी उन्हात ठेवू नये आणि स्पीकरजवळही ठेवू नये, कारण स्पीकरमधल्या चुंबकाने मुद्रण बिघडू शकते. प्रत्येक कॅसेटीच्या वरच्या कडेची दोन छोटी प्लास्टिकची पाती मोडावीत, म्हणजे चुकूनही तिच्यावर नवे मुद्रण होणार नाही. जिच्यावर पांढरी बुरशी दिसेल ती यंत्रात न घालता वेगळी काढून जाणकाराला दाखवावी. उरलेल्यांचे अंकीकरण, म्हणजे आवाजाचे संगणकावर साठवता येणाऱ्या स्वरूपात रूपांतर, करून घ्यावे, त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि वेष्टनावरचे वहिनींच्या हातचे तपशील जसेच्या तसे नोंदवावेत. मध्येच आलेले बातमीपत्र किंवा जाहिरात काढून टाकण्याचा मोह होईल, तो आवरावा. सामना ज्या दिवशी ऐकला गेला तो दिवसही त्या फितीत आहे.

आणि हे सारे होण्यापूर्वी, येत्या एका रविवारी, चिरंजीवाने मुलाला जवळ बसवून सुस्थितीतली एक कॅसेट दोन्ही बाजूंनी, मध्ये न थांबवता, न पुढे ढकलता ऐकावी. सांगवीत, पिंपरीत, चाकणात ज्यांच्या घरी अशा कॅसेटी असतील त्यांनाही हेच सांगावे, कारण मराठी समालोचनातले जे काही पुढच्या पिढीच्या कानावर पडायचे आहे, त्यातला बराच भाग आता घरांनी राखला तरच राहणार आहे.

कळावे. सौ. सूनबाईंस व मुलास आशीर्वाद.

काका